विमलताईंच्या नावाचा पार

नानाजी भोयर यांना पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, सगळं कळतं, असं त्यांच्या गावात आजही म्हणतात. डवरणी लांबली की ते पोराला फोनवर झापायचे, "माती मोकळी कर आधी, मुळाले श्वास नको काय?" असा हा माणूस. शेत पोराच्या हवाली करून यवतमाळला दारव्हा रोडकडच्या एका कॉलनीत राहायला आला, आणि घरासमोरच्या कडुनिंबाचा गळा त्यानं स्वतःच्या हातानं आवळला.

कडुनिंब त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी लावलेला. कॉलनीत सिमेंटचा रस्ता आला तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी जमीन बुजवायला घेतली. विमलताई झाडाच्या आळ्यातच मांडी घालून बसल्या. "दोन खाटा मावतील एवढी माती सोडा, तवाच मी उठीन." बघ्यांची ही गर्दी झाली! नानाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ वं, लोक पाहून राह्यले," ते दातओठ खात म्हणाले.

"पाहू द्या."

नानाजी तरातरा घरात गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसले. बाहेर विमलताईंनी जागा मिळवली, तीही एकट्या आपल्या झाडापुरती नाही, त्या ओळीतल्या प्रत्येक झाडासाठी.

पुढं विमलताई आजारानं गेल्या. त्यांच्या नावानं काहीतरी कायमचं करावं, चारचौघांनी पाहावं असं, हे नानाजींनी मनावर घेतलं. त्यांनी गवंडी लावला. आळ्यात गिट्टी दाबली, वर काँक्रीट ओतलं, त्यावर लाल फरशी, थेट खोडाला टेकवून. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत विमलताईंचं नाव. झकास पार झाला. कॉलनीनं तोंडभरून कौतुक केलं. शेजारच्या भारतनं वडिलांच्या नावाचा तसाच पार बांधला, मग त्याच्या पलीकडच्यांनी आईच्या नावाचा. हळूहळू ओळीतल्या सगळ्या झाडांच्या बुडाशी कोणा ना कोणाचं नाव बसलं. नानाजी संध्याकाळी पारावर बसून हे पाहायचे, आणि त्यांची छाती फुगायची.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागला. नानाजींनी आधी उन्हाला दोष दिला, मग किडीला, फवारणीही करून पाहिली. एका सकाळी त्यांनी बुडाशी बादलीभर पाणी ओतलं. ते फरशीवरून घरंगळत सरळ नालीत गेलं. त्यांनी दुसरी बादली ओतली, तीही गेली. थेंब मुरला नाही.

रिकामी बादली हातात धरून ते तसेच उभे राहिले. विमलनं भर रस्त्यात बसून मिळवलेली माती आपण तिच्याच नावाखाली गाडली. ठेकेदाराला जे जमलं नाही ते नवऱ्यानं करून दाखवलं. त्या दिवशी तिची लाज वाटली होती, आणि लाज वाटायला हवी होती ती स्वतःची. शेजारीण "काका, चहा घेता का?" म्हणाली, तर त्यांना मान वर करून तिच्याकडे पाहवेना.

त्यांनी सब्बल, लोखंडी पहार, आणली आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत फरशीवर घातली. आवाज ऐकून भारत धावत आला.

"काका, काय करून राह्यले? काकूंचं नाव आहे ना त्यावर!"

"तिची माती मी बुजवली, बापा. आधी ते मोकळी करू दे मले."

भारतला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो थोडा वेळ थांबून घरात गेला. दुपारपर्यंत नानाजींच्या तळहातांना फोड आले. गिट्टीखालची काळी माती विटेसारखी घट्ट झाली होती. झाड जगेल असं त्यांना, एवढ्या शेतीतल्या माणसाला, छातीठोकपणे सांगता येईना.

पण खरं अवघड काम अजून बाकी होतं. घामानं भिजलेल्या अंगानं ते भारतच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भारत, तुह्या बापाच्या नावाचा पार तू माहाच पाहून बांधला ना?"

"हो काका. कॉलनीत पहिला तुमचाच होता."

"तोड तो. मी चुकलो. जन्मभर शेती केली, अन् एवढं समजलं नाही मले. स्वतःले शेतकरी म्हणायची लाज वाटते आता."

भारतनं वडिलांच्या नावाच्या दगडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"पण काका," तो अवघडून म्हणाला, "वाळलं ते तुमचं. आमचं झाड तर चांगलं हिरवंगार आहे."

"माहंबी होतं," नानाजी खाली पाहत म्हणाले. "तवा मी पारावर बसून मिरवत होतो."