हात आत, माणूस बाहेर

रंगमंचावर मी किती वेळा मेले, याचा हिशेब कोण ठेवणार! विष पिऊन मेले, पोटात कट्यार खुपसून मेले. एका नाटकात तर गळा आवळला जात असताना मी दोन कडवी गायले, मग मेले, आणि उठून टाळ्या घेतल्या. खरा मार मात्र मी पाहिला तो माझ्या खोलीखाली राहणाऱ्या हाडमावशीच्या खिडकीत.

मावशी हाडं बसवायची. निखळलेला खांदा असो की मुरगळलेला घोटा, तिची बोटं वरून फिरली की आत काय झालंय ते तिला कळायचं. आपल्याच्यानं होणार नाही ते ती सरळ इस्पितळात पाठवायची. तिच्याकडे गर्दी रात्रीची. दिवसा पडून मोडलेलं हाड डॉक्टरकडे जातं. रात्री कुणीतरी मोडलेलं हाड अशाच दाराशी येतं, जिथं फार चौकशी होत नाही.

पूर्वी ती दार उघडायची. एके रात्री मोडका हात घेऊन एक जण आला, आणि त्याच्या मागावरचे चौघे त्याच दारातून घुसले. मावशीचा नवरा मध्ये पडला. लोखंडी नळी त्याच्या डोक्यात बसली. त्यानंतर तो जगला, पण हातातल्या चमच्याचं काय करायचं ते बायकोला सांगावं लागे. तो गेल्यावर मावशीनं लोहाराला बोलावलं आणि पुढच्या खिडकीचा एक गज कापून घेतला. हात जाईल, पाय जाईल, डोकं जाणार नाही, एवढीच फट. नियम एकच: हात आत, माणूस बाहेर.

"मावशी, हा काय तुरुंग आहे?" लोक चिडायचे.

"हो. पण आत मी आहे, म्हणून तुम्ही सुटलात," ती म्हणायची.

पायाचं दुखणं असेल तर बाहेर स्टुलावर बसायचं. एक गलेलठ्ठ हमाल एकदा पाय खिडकीत टाकून तसाच घोरत झोपला, तेव्हा सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "मावशी, विजार वाळत घातलीय, आत माणूस विसरलात का?"

त्या नियमात माझीही भूमिका होती. खाली दार वाजलं की मावशी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. मी सज्जातला दिवा लावायचा, कठड्यावरून वाकायचं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात विचारायचं, "मावशी, किती जण आहेत?" वरून कुणी पाहतंय म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज खाली यायचा. मी नाटकात राण्या करायचे म्हणून ती मला राणीसरकार म्हणे. प्रयोगाला कधी उशीर केला असेन, या प्रवेशाला नाही.

मावशीची एकुलती एक मुलगी दोन गल्ल्या सोडून दिलेली होती. जावई ट्रक चालवायचा, दिवसा अगदी गरीब गाय. पोरगी हल्ली माहेरी आली तरी उंबऱ्याशीच बसायची, लांब बाह्यांचं घालून. एक गोष्ट मावशीला खात होती. पोरगी आईला हात लावू देत नव्हती. आईच्या बोटांना फसवता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

त्या रात्री छत ठोकलं गेलं. मी दिवा लावला.

"एकच आहे, राणीसरकार," खालून मावशी म्हणाली. "जावईबापू आहेत."

"सासूबाई, दार उघडा. हात मोडलाय."

"खिडकीत घाला."

"मी काय चोर आहे? जावई आहे मी तुमचा!"

"दिवसा. रात्री माझ्याकडे जावई नसतो, हात असतो नाहीतर पाय."

समोरचा शिंपी जागा झाला होता. तो दारातूनच म्हणाला, "अहो मावशी, घरच्या माणसाला तरी आत घ्या. जग काय म्हणेल?"

त्या क्षणी तिचा हात कडीवर गेला होता, हे मावशीनं मला नंतर सांगितलं. जावयाला दारात उभं ठेवायचं म्हणजे लेकीच्या संसारात विस्तव टाकायचा. पण नवऱ्याच्या डोक्यात नळी बसल्याचा तो आवाज तिच्या कानात होता. कडीवरचा हात तिनं काढला. शेवटी जावयानं शिव्या गिळत उजवा हात गजांतून आत घातला.

तिनं बोटं फिरवली. करंगळीमागचं, मुठीच्या कडेचं हाड मोडलं होतं.

"कसं झालं?"

"जिन्यावरून पडलो."

पडणारा माणूस तळवा टेकतो, मनगट मोडतं. हे हाड मोडतं ते मूठ आवळून काहीतरी टणक ठोसल्यावर. आणि सांध्यावर, रक्ताखाली, दोन दातांच्या ताज्या खुणा होत्या.

"पोरगी कुठं आहे?"

"झोपलीय. इस्पितळात शंभर प्रश्न विचारतात, म्हणून तुमच्याकडे आलो. बांधा लवकर."

"बांधते हं. दुखेल, गज घट्ट धरून ठेवा. हलू नका."

तिनं फळी लावली आणि पट्टी गुंडाळली. हाताभोवती, फळीभोवती आणि गजाभोवती, वेढ्यावर वेढा. गाठ आतल्या बाजूला मारली.

"गजाला कशाला बांधता?"

मावशीनं वर तोंड केलं. "राणीसरकार! माझ्या पोरीकडं धावा! हा तिला मारून आलाय!"

तो पिसाळला. डावा हात आत घालून त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं गजावर आपटलं. पुन्हा आपटलं. मी जिना उतरेपर्यंत तो आवाज येत होता, ओला आणि जड. ती ओरडली नाही. नाटकात आम्ही किती ओरडतो!

"गाठ सोड, म्हातारे!"

शिंपी त्याच्यावर धावला, तर त्याच्या पोटात लाथ बसली. मावशीचं तोंड रक्तानं भरलं होतं. "त्याला सोडा," ती थुंकत म्हणाली. "तो कुठं जात नाही. पोरीकडं जा!"

आम्ही पळालो. वाटेत शिंप्यानं दुकानातली जड इस्त्री उचलली. दाराला बाहेरून कुलूप होतं. इस्त्रीचे घाव घालून त्यानं कडीच उखडली. शेजारचे जमले, कुणीतरी पोलिसांना आणि इस्पितळाला फोन केला. पोरगी स्वयंपाकघरात उताणी पडली होती. जबडा एका बाजूला लोंबत होता. घशात रक्त साचून गुडगुडत होतं. मी तिला कुशीवर वळवलं. रक्त फरशीवर आलं, आणि मग श्वास.

तिला गाडीत घालून मी परतले. पोलीस जावयाची पट्टी कापत होते. आत मावशी दाराला पाठ लावून बसली होती, कडी अजून लावलेली. शिपाई दार ठोकून थकला होता. "आजी, पोलीस आहोत आम्ही!"

"असाल," आतून आवाज आला. "वर्दी मला दाराआडून दिसत नाही."

मी दाराला तोंड लावलं. "मावशी, मी."

 आतून एकच शब्द आला. "आहे?"

"आहे. श्वास चाललाय. इस्पितळात नेलंय."

कडी सरकली. तिचा एक डोळा बंद झाला होता, कपाळ फाटलं होतं. तिनं माझा दंड धरला, आणि ती रडली, ती त्या पूर्ण रात्रीत पहिल्यांदा.

जावई तुरुंगात गेला. पोरीचा जबडा तारेनं बांधला होता. इस्पितळातून ती थेट आईकडे आली. मावशी तिला नळीनं पेज पाजायची आणि बोलत बसायची, पोरीच्या वाटचंही तीच बोलायची. "मीठ कमी आहे का? आहे म्हणतेस? बरं, घालते." पोरगी डोळ्यांनीच भांडायची.

तार काढली त्या दिवशी मी पण गेले होते. पोरीनं जबडा हळूच हलवून पाहिला. 

"आई," पोरगी म्हणाली, "मीठ कधीच कमी नव्हतं."

मग तिनं बाही वर सरकवली आणि हात आईच्या पुढे केला. "हे जुनं आहे," ती म्हणाली. "वाकडं जुळलंय. बघ."

मावशीनं बोटं ठेवली.