अंकुशला मुंबईला कुणी नेलं

ही हकीकत मी शंभरदा सांगितली असेल, पण खरी एकदाही नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्या मित्रांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू.

बीडात फुटबॉलचा विषय निघाला की आमच्या वयाची माणसं एकच नाव घेतात. अंकुश. जवळच्याच पालीचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं आणि हा सायकलवर कॉलेजला यायचा, डब्यात स्वतः थापलेल्या भाकरी घेऊन. खेळायचा अनवाणी. डावा पाय असा, की चेंडू त्याच्यापासून हलायला मागायचा नाही. आमचं कॉलेज कधीच संपलं होतं, तरी आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी मैदानावर हजर. ओरडायचो, नाचायचो, समोरच्या टीमच्या आई-बहिणी काढायचो. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

आजही आम्ही तेच पाच-सहा जण हॉटेलात बसतो. केस पिकले, दोघांना शुगर आहे. कुणीतरी सुरू करतं — अनवाणी पोरगं, मग मुंबईच्या कंपनीची टीम, मग गोव्याचा क्लब, पगार देऊन खेळायला घेतलेला आपल्या बीडचा पहिला गडी! बाजूला कुणी नवा माणूस बसलेला असला की त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, "ह्या शिवानं नेलतं त्याला मुंबईला. ह्यो नसता तर पोरगं ऊस तोडत बसलं असतं."

मी हसतो. आणि मग सांगतो — गाडीत जागा कशी धरली, शहर बघून अंकुशचा चेहरा कसा झाला, मैदानावर साहेबलोकांना मी काय बोललो.

मी गेलोच नव्हतो.

त्याला नेलं सत्तारचाचांनी. कॉलेजात शिपाई होते, सोळा वर्षं रोजंदारीवर. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे, फाटलेला चेंडू शिवायचे. तरुणपणी हैदराबादेत खेळले होते म्हणे. अंकुशला जे काही शिकवलं ते त्यांनीच, झाडू बाजूला ठेवून. आम्ही फक्त टाळ्या वाजवल्या.

मुंबईहून निवडीचं पत्र आलं ते नेमकं वार्षिक परीक्षेत. प्राचार्य म्हणाले, पेपर बुडवून कुणी गेला तर त्याला नेणाऱ्यालाही बघून घेईन. अंकुशचे आई-बाप फडावर. पोरानं बीडच्या पुढं गाव पाहिलेलं नव्हतं. तेव्हा हॉटेलात सगळ्यांसमोर मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मी नेतो बे. कोण काय करतंय बघतो."

का म्हणालो? माहीत नाही. बरं वाटलं म्हणताना.

त्या वर्षी एसटीडी बूथ सगळीकडं निघत होते. मलाही काढायचा होता आणि कॉलेजच्या गेटपाशी जागा हवी होती. जागा प्राचार्यांच्या हातात. हे मला हात आपटताना आठवलं नव्हतं. घरी गेल्यावर आठवलं. सकाळी मुंबईच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी पांघरूण घेऊन पडलो होतो. आईला म्हणालो, ताप आहे. तिनं कपाळाला हात लावला आणि चुलीकडं गेली.

स्टँडवर चाचा आम्हाला नुसते निरोप द्यायला आले होते. गाडी सुटायला आली तरी मी आलो नाही, तेव्हा तेच गाडीत चढले. अंगावर खाकी डगला, रजेचा अर्ज नाही, हातात पिशवीसुद्धा नाही.

पाच दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मित्र समजले, शिवा मुंबईला गेला.

चाचा एकटेच परत आले. अंकुशला कंपनीनं तिथंच ठेवून घेतलं होतं. ते आधी माझ्या घरी आले. ओट्यावर बसले, आईनं तापाचं सांगितलं तसा माझा हात धरून ताप बघितला. मला वाटलं, आता बोलतील. पण ते म्हणाले, "उतरला बेटा. तू आला न्हाईस ते मी कुनाला बोलनार न्हाई. तुजी बदनामी कावून करायची? सायबाला मी सांगनार हाय, लेक बिमार हाय म्हनून सिरसाळ्याला गेलतो. तू बी तेच सांग."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली. गेटपाशी किती फूट जागा लागेल, वीज कुठून घेणार, सगळं विचारलं. आणि मग मान वर न करता, "तू नेलंस का रे अंकुशला?"

"न्हाई सर, मी घरीच होतो. सत्तार घेऊन गेला."

चाचासुद्धा म्हणालो नाही. सत्तार म्हणालो.

आठवड्यात त्यांना काढून टाकलं. कागदावर कारण एवढंच — न सांगता गैरहजर. रोजंदारीचा माणूस, कोण विचारणार? ते लेकीकडं सिरसाळ्याला निघून गेले. कुणी सांगितलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या महिन्यात माझा बूथ उघडला. गेटच्या डाव्या हाताला.

इथं थांबलो असतो तर निदान — पण नाही थांबलो.

अंकुशचा फोन यायचा. कॉलेजच्या फोनवर तो बोलणार कसा, म्हणून माझ्या बूथवर. पहिल्याच फोनला म्हणाला, "दादा, जरा चाचांला बोलवा ना. कंपनीनं बूट दिलेत मला, त्यांला सांगायचंय." मी म्हणालो, ते कामावर नाहीत आज. पुढच्या वेळी म्हणालो, बाजारात गेलेत. तिसऱ्यांदा सांगून टाकलं — काम सोडून हैदराबादला गेले, पत्ता कुणाला माहीत नाही. दोघांचं बोलणं झालं तर नोकरी का गेली हे निघणार. ते निघालं की कुणी सांगितलं हे निघणार. मग तो गोव्याला गेला, तिथूनही फोन. "दादा, काई पत्ता लागला का? मॅच बघायला त्यांला इकडं आनायचंय." नाही रे, म्हणायचो. शोधतोय.

गोव्याच्या क्लबनं घेतल्यावर पेपरवाला आला. अंकुशला विचारायला गोव्याला कोण जाणार? आम्हालाच विचारलं. मुंबईला कुणी नेलं, म्हणाला, तशी चारी मित्रांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी नाही म्हणालो नाही. एवढंच केलं मी. पेपरात छापून आलं — अंकुशचा मोठा फोटो, बाजूला माझं नाव. बाबांनी तो पेपर त्यांच्या दुकानात लावला.

आता जे सांगायचंय ते पुढंच आहे. एवढा वेळ मी त्याच्या भोवतीच फिरतोय.

माझी सासुरवाडी सिरसाळ्याची. लग्नानंतर एकदा तिथल्या बाजारातून चाललो होतो, मागून हाक आली. "शिवा बेटा!" सायकलच्या पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे. चाचा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बसले होते. आणि मागच्या पत्र्याला खळीनं तोच पेपर चिकटवलेला.

चाचांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी अक्षर येत नव्हतं. फोटो बघून त्यांनी तो पेपर कुणाकडून मागून आणला होता.

मला चहा मागवला. हात पुसले. म्हणाले, "वाच की बेटा. हितं समदे घाईत असतेत, कुनी धड वाचून दावत न्हाई."

मी उभा राहिलो आणि वाचलं. गोल किती, क्लब कोणता, सगळं वाचलं. माझ्या नावाची ओळ आली ती सोडली. ते ऐकत होते लहान पोरासारखे. मग घसा साफ करून विचारलं —

"माझं नाव हाय का त्यात?"

"न्हाई, चाचा."

"कुनी सांगितलं हे पेपरवाल्याला? अंकुशनंच ना?"

बघा, इथं एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "हो. त्यानंच."

त्यांनी ट्यूब परत पाण्यात घातली. बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिले.

"फोन येतो का त्याचा तुला?"

"आता न्हाई येत. मोठा झाला तो."

"मला कदी इच्यारलं?"

"न्हाई."

आदल्या दिवशीच त्याचा फोन येऊन गेला होता.

चाचांनी ट्यूब पाण्यातून काढून झटकली. मग म्हणाले, "नमकहराम निघालं की पोरगं." एवढा वेळ बेटा बेटा करणारा माणूस, एवढंच बोलला आणि चहाचे कप उचलायला लागला. मी त्यांना थांबवलं नाही. वर म्हणालो — हे मी खरंच म्हणालो — "जाऊ द्या चाचा, जमानाच तसा हाय."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पत्र्यावर नुसते खळीचे डाग होते. त्याच्या पुढच्या खेपेला दुकान बंद होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, म्हातारा गेला.

अंकुशचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. आता तिकडंच पोरांना शिकवतो. गेल्या वर्षी बीडला आला होता. बूथ गेला, तिथंच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं येऊन बसला. पोट सुटलंय, लंगडतो थोडा. मी सांगितलं, चाचा वारले, सिरसाळ्याला होते म्हणे शेवटी, मलाही मागाहून कळलं. तो मान खाली घालून बसला. मग विचारलं, "दादा, बीडात होते तवर माझ्याबद्दल कदी काई बोलायचे का ते?"

"लई कौतुक करायचे," मी म्हणालो.

तो रडायला लागला. माझे दोन्ही हात धरून रडला. म्हणाला, तुमच्या दोघांमुळं मी आहे.

दोघांमुळं, म्हणाला. मी हात सोडवून घेतले नाहीत.