साहेबांची तीन पानं

परदेशातल्या मेलेल्या डॉक्टरांची एवढी सरबराई करणारा माणूस माझ्या धाकट्या दिरासारखा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दवाखान्यात तो ड्रेसर होता, जखमा धुऊन पट्ट्या करणारा. कातडी लावायच्या ऑपरेशनांना ज्यांची नावं पडली आहेत, ते लोक त्यानं घरचेच करून टाकले होते. नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत. पातळ कातडी लावली की तो रोग्याला सांगे, "तुमच्यावर जर्मन साहेबाचा हात फिरला." जाड लावली तर डोळ्यांच्या डॉक्टर साहेबाचा, अन् बारके तुकडे पेरले तर पॅरिसच्या साहेबाचा. आमच्या गोरेगावच्या बाजारात भर गर्दीत ओरडायचा, "काय जर्मन, पाय कसा हाय?" अन् धोतरातला म्हातारा हात हलवायचा. सर्वपित्रीला तर वाडवडिलांच्या ओळीशेजारी गच्चीवर साहेबांची तीन पानं. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना आपले वडे पचतील का?" तर म्हणे, "तिकडं त्यांना घास टाकणारं कोण हाय, वहिनी?"

मग स्टोव्ह भडकून माझा उजवा हात भाजला. जखम भरेना, बोटं आखडायला लागली. भाकरी थापता आली नाही तर मी त्या घरात कशाची? तरी ऑपरेशनाला मी साफ नाही म्हटलं. आमच्याकडं शेळ्या. परकं करडू शेळी अंगाला लावून घेत नाही, लाथ मारते. हातही लावलेली कातडी तसाच झिडकारील, असं मी भाऊजींना सांगितलं.

"परकी काहून? तुमच्याच मांडीची कातडी हाय. आपलं पिलू कुणी टाकतं का?"

"टाकते की. पहिल्या वेताची शेळी टाकते."

तो म्हणाला, "तवा तुमी काय करता?"

"मी पिलू आचळाशी धरून बसते. चार-पाच दिवसांत शेळी घेते."

"मंग मी बी धरून बसतो."

अन् खरंच बसला. ऑपरेशन झाल्यावर पाच दिवस, ड्युटी संपली की खाटेशी स्टूल ओढून, माझा हात हलू नये म्हणून. मी शिव्या दिल्या, तो जर्मन साहेबाच्या गोष्टी सांगत राहिला. पाचव्या दिवशी पट्टी सोडली. खाली गुलाबी कातडी, घट्ट बसलेली. "घेतली वहिनी, घेतली!" म्हणून त्यानं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले, तेही साहेबाच्या नावानं.

तो जाऊन आता काही वर्षं झाली. सर्वपित्रीला वडे मी त्याच हातानं थापते. त्याचं पान वाडवडिलांत मांडत नाही, साहेबांच्या ओळीत चौथं मांडते. कावळा त्याच्या पानाला लवकर शिवत नाही. मग मी हात वर करते, बोटं उघडून-मिटून दाखवते.

"बराबर हाय, भाऊजी. जेवा आता."

मग शिवतो.