भिंतीतला पाइप

सकाळी पाणी आलं की आमच्या मजल्यावर कुणी कुणाशी बोलत नाही. जो तो आपल्या नळाच्या धारेकडे बघत असतो. आज माझी धार एकाएकी करंगळीएवढी झाली. शेजारच्या सुमनताईंनी चोरून मोटर लावलेली दिसते! घरघर ऐकायला मी भिंतीला कान लावला. पलीकडे शांतता. म्हणजे मोटर चांगली भारीतली असणार.

भिंतीतला पाइप कुठून कुठे जातो, हे आम्हा कुणालाच माहीत नाही. आपली धार बघायची, अंदाजाने नळ पिळायचा आणि शेजाऱ्यावर संशय घ्यायचा. तरी रोज सगळ्यांची पिंपं भरतात, हेही मला जरा संशयास्पदच वाटतं.

बघू तरी, म्हणून मी नळ बंद केला. लगेच भिंतीपलीकडे सुमनताई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आली बघा धार! मी म्हणत नव्हते, मोटर त्यांच्याकडेच आहे?"