इन्शिराह शोहदाला, बयूमी सादातला

भात भरायला वांगी कोरत बसले होते. निम्मी झाली असतील, तेवढ्यात शेजारची इन्शिराह दारात उभी.

"उम्म वाएल, चल गं सोबतीला. शुब्राच्या दवाखान्यात आज बयूमीचा मोतीबिंदू काढायचाय. अकराचा नंबर हुकला, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी."

बिस्मिल्लाह म्हणून निघाले.

इन्शिराह तीस वर्षं हेलवानहून मेट्रोने शुब्राला शाळेचे गणवेश शिवायला जाते. रोज बायकांच्या डब्यातून, रोज शोहदा स्थानकात गाडी बदलून. तिथे तिचा डबा नेमका जिन्यासमोर थांबतो. पुरुषांच्या डब्यात तिने कधी पाय ठेवला नाही. आजही "गाडी बदलताना भेटू" एवढंच बोलून ती आणि तिचा नवरा बयूमी वेगवेगळ्या डब्यांत चढले; मी तिच्यासोबत.

शोहदाला उतरलो. फलाट रिकामा झाला तरी बयूमी दिसेना.

"फोन लाव," मी म्हटलं.

तिने लावला, तर फोन तिच्याच पर्समध्ये वाजला. आकडे दिसत नाहीत म्हणून त्यानेच तो तिच्याकडे दिला होता.

"हा सादातला उतरला असणार!" ती मटकन बाकावर बसली. "शुब्राची गाडी तिथेही मिळते ना."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?"

"त्यात बोलायचं काय? गाडी शोहदालाच बदलतात!"

दहा वाजून गेले होते. तीन स्थानकं मागे गेलो. अल्लाहने त्याला सांभाळावं म्हणून मी वाटभर आयतुल कुर्सी म्हणत होते. बयूमी उतरला तिथेच, खांबाला हात लावून उभा होता.

"आल्या का बाईसाहेब? बाजार झाला?"

"सादातला कुणी गाडी बदलतं का रे?"

"सगळं शहर बदलतं. जिने कमी."

"डोळा नीट होऊ दे, मग मोज जिने."

शुब्राची गाडी आली. समोर पुरुषांचा डबा. इन्शिराहने त्याची बाही धरली आणि सरळ आत शिरली. मीही मागोमाग.

"अगं, हा डबा..." तो कुजबुजला.

"गप्प चल. पुन्हा हरवलास तर मीच आंधळी होईन शोधून शोधून."

एका गृहस्थाने उठून त्याला जागा दिली. ती मात्र बाही न सोडता, मान खाली घालून उभी राहिली.

अकराला सात मिनिटं असताना पोहोचलो. दुपारच्या नमाजेआधी डोळ्याचं ऑपरेशन झालंही, अल्हम्दुलिल्लाह.

"इथून हलायचं नाही," असं पट्टी बांधलेल्या नवऱ्याला दोनदा बजावून इन्शिराह कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्यांचे थेंब आणायला गेली.