लिडियाबायचा बुधवार

होळी गावच्या लिडिया लोपीस सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि माणिकपूरच्या एका छोट्या धर्मादाय ट्रस्टचं काम बघू लागल्या. हा ट्रस्ट देवळांना, चर्चना आणि आजारी माणसांना मदत करायचा. कुठूनही अर्ज आला की लिडियाबाय स्वतः जाऊन बघून यायच्या. पगार घेत नसत.

१९९९ साली चांदीपहून देवळाच्या सभामंडपासाठी अर्ज आला. गावचे शत्रुघ्न पाटील त्यांना जागा दाखवून घरी चहाला घेऊन गेले. चहा आणणारी त्यांची बायको जयवंती दारातच थांबली आणि पदराआड बराच वेळ खोकत राहिली. गळ्याची हाडं वर आली होती.

"खोकला कधीपासून आहे?" लिडियाबायनी विचारलं.

"तुमी देवलाचं बघायला आलात ना?" शत्रुघ्न म्हणाले.

"ते बघून झालं. आता यांना बघते."

तपासणीत क्षय निघाला. औषधं सरकारी होती. दूध-अंडी आणि जाण्यायेण्याचा खर्च ट्रस्टने द्यावा, असं लिडियाबायनी बैठकीत सुचवलं. विश्वस्त सुधाकर सामंतांना ते अवघड वाटलं.

"मंडपाला द्यायचं की आजाऱ्याला?"

"गाव एकच आहे, सामंतसाहेब. मंडपाला फरशी साधी घालू, म्हणजे दोन्ही होईल."

दोन्ही मंजूर झालं. पण दोनेक महिन्यांत जयवंतीने गोळ्या सोडल्या. हे कळताच लिडियाबाय लगोलग चांदीपला गेल्या.

"गोल्या घेते म्हनून लोकांना कललं," जयवंती म्हणाली. "आता कोनी माझ्या हातचं पानी घेत नाय. बंद केल्या तर इसरतील."

लिडियाबाय रागावल्या नाहीत. ओसरीवर, सगळ्या आळीला दिसेल अशा बसल्या.

"मला भूक लागलीय. भाकरी वाढ. पण आधी तू गोळी घे."

शेजारणी दारातून बघत होत्या. त्यांना ऐकू जाईल असं लिडियाबाय म्हणाल्या, "औषध चुकवलं नाही तर हिच्यापासून कोणाला काही होत नाही. आणि हातच्या जेवणातून तर हा आजार लागतच नाही."

मग दर बुधवारी त्या तिथेच जेवू लागल्या. एकदा शेजारीण सुकटीची चटणी घेऊन आली आणि गप्पांत तिथेच जेवून गेली. पुढे शत्रुघ्नच गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बायकोसमोर उभे राहू लागले.

औषधाचा कोर्स पुरा झाला, जयवंतीचे गाल भरले. मंडप उभा राहिला त्या दिवशी भंडाऱ्याला भात वाढायला तीच होती. पंगतीत कोणी पत्रावळ मागे ओढली नाही. लिडियाबायनी दोनदा भात मागून घेतला.