बिनकाट्याचा मासा

मुंबईसह महाराष्ट्र होईपर्यंत मासळीला शिवणार नाही, अशी शपथ मी लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात, भर सभेत घेतली. कोकणातल्या माणसाने याहून मोठा त्याग करायचा म्हणजे श्वासच सोडायचा. टाळ्या पडल्या. बायको गॅलरीतून ऐकत होती. तिला कोणी विचारलं नाही. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. दिल्लीला माझ्या पोटाची कल्पना नव्हती.

पुढे गिरणीने नवे माग बघायला मला तीन महिने विलायतेला धाडलं. सोबत दादरचे एक साहेब, घरी कांदासुद्धा वर्ज्य असलेले. एका सुट्टीला ते मला समुद्रकाठच्या गावी घेऊन गेले आणि धक्क्यावरच्या छोट्या हॉटेलात त्यांनी बेधडक मासे मागवले. घरचंच हॉटेल, नवरा तळत होता, बायको वाढत होती, म्हातारी सासू खिडकीशी बटाटे सोलत होती.

"शपथ मुंबईत घेतलीत ना?" साहेब म्हणाले. "मग समुद्रापलीकडे ती लागू होत नाही. आणि इथं बघतंय कोण?"

एवढा विद्वान माणूस सांगतो म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?

मासा पिठाच्या गोधडीत गुंडाळलेला. ना हळद, ना तिरफळ, ना काटा. असल्या माशासाठी शपथ मोडणाऱ्याचं पाप लिहिताना चित्रगुप्तालाही हसू आलं असेल. तरी मी दोन ताटल्या संपवल्या. सासूबाईंनी तिसरी आपणहून पाठवली. माझ्या घरी उपासमार चालते असं त्यांना वाटलं असावं, आणि ते काही खोटं नव्हतं.

परतल्यावर विलायतेतही शपथ पाळली म्हणून चाळीने मला हार घातला. मी मान वाकवून तो घालून घेतला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी बायकोने बांगड्याचं तिखलं केलं. पहिल्या घासालाच तिचे डोळे भरून आले.

"एवढं काय?" मी थट्टेने म्हटलं. "मी नव्हतो तेव्हा माहीमला माहेरी जाऊन चापलंस ना?"

"एक घास खावक नाय," ती म्हणाली. "आये रोज ताजी सुरमय पुढ्यात ठेवी. पण तुमी विलायतेत रवान पाळलास, मगे माका म्हायमात ग्वाड कसा लागतला?"

मला लाज वाटली. आजही वाटते. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने सगळ्यांत मोठा बांगडा माझ्या ताटात वाढला. मी तो खाल्ला.